दुखत नसताना डेंटिस्टकडे?

मुलाचे दात धड आहेत, ठणका नाही, कीड नाही, तरी दर सहा महिन्यांनी त्याला डेंटिस्टकडे कशाला नेता? हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकाशी आणि घरातही ऐकावा लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मला स्वतःला दाताच्या डॉक्टरांची भीती वाटते, म्हणून.

मी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले ती गाल सुजल्यावर. तिसरीत होते. रात्र दाढेत लवंग धरून काढलेली, सकाळी बाबांनी स्कूटरवर बसवून नौपाड्यातल्या एका दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, पण दाढ नीट बधिर झालीच नाही. पू झालेल्या जागी असं होतं. तिथली आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भुलेचं औषध नसेत पुरेसं शिरत नाही. हे फार नंतर वाचलं. त्या दिवशी मी हात वर करून "दुखतंय" म्हणाले आणि वरून उत्तर आलं, "काही दुखत नाहीये." आज कळ आठवत नाही, ते वाक्य आठवतं. दाताच्या दवाखान्यातला तो ओळखीचा वास बराचसा लवंगेतल्या युजेनॉलचा. तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते असतं. मसालेभातातली लवंग मी अजून वेचून ताटाच्या कडेला ठेवते.

आता नवऱ्याचं बघा. अक्कलदाढ काढताना त्याने माझ्याहून जास्त सोसलं. तुकडे करून काढावी लागली, पुढे कितीतरी दिवस तोंड उघडेना. तरी हा गडी नंतर साफसफाईला गेला आणि खुर्चीत चक्क पेंगला! त्याची आत्या डेंटिस्ट. शाळा सुटली की तो तिच्या दवाखान्यात खुर्ची वरखाली करत खेळायचा.

हा निव्वळ स्वभावातला फरक नव्हे. ग्रॅहम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली दाखवलं की दुखलं तरी ज्यांच्या मनात भीती बसली नाही, त्यांच्या गाठीशी बहुधा आधीच्या साध्या, न दुखलेल्या भेटी होत्या. पहिलीच भेट दुखरी झाली, तर मनाकडे ताडून बघायला दुसरं काही नसतं. त्यातून भीती आठवणीलाही फुगवते. १९८५ मध्ये केंट या संशोधकाने दातांच्या रुग्णांना काही महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर घाबरट मंडळींना प्रत्यक्षात दुखलं त्याहून जास्त दुखल्याचं आठवत होतं.

म्हणून लेकाला पाचपाखाडीतल्या डॉक्टरांकडे नेते ते काहीच करायचं नसताना. डॉक्टरबाई आधी सांगतात, मग वाऱ्याची नळी त्याच्या नखावर धरून दाखवतात, मगच तोंडात. हात वर केला की थांबायचं, हा त्यांचा करार. पहिल्यांदा पोरानं उगाच हात वर केला, नुसतं बघायला. त्या थांबल्या. मला वाटतं, त्या दिवसाची फी तिथेच वसूल झाली.

घरात दोन वाक्यांना बंदी आहे. "नीट वाग, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे एक. आणि "अजिबात दुखणार नाही" हे दुसरं. मला दुसरं जास्त वाईट वाटतं, कारण ते प्रेमाने सांगितलं जातं आणि खोटं ठरलं की पोराचा डॉक्टरवरचाच नाही, आपल्यावरचाही विश्वास जातो.

माझी भीती गेली का? नाही. पण दवाखान्यात जाते. ओठ पुरता जड झाल्याशिवाय सुरुवात करू नका, असं आता तोंडाने सांगते. इंजेक्शननंतर छाती धडधडली तर त्यात भुलेच्या औषधातल्या अॅड्रेनलिनचाही हात असू शकतो हे ठाऊक आहे, त्यामुळे सगळा दोष स्वतःच्या भित्रेपणाला देत नाही. रूट कॅनल अर्धं झालंय, उरलेलं येत्या शनिवारी.