सांडपाण्यावरचं ठिबक आणि चुकीचं औषध

शहराच्या कडेच्या शेतीतून ठिबकची तक्रार आली की पहिला प्रश्न एकच, पाणी कुठलं? त्या दिवशीचं वांग्याचं रान ओढ्यावर होतं, आणि ओढ्यात वरच्या वसाहतींचं सांडपाणी. ओळींच्या तोंडाशी झाडं टवटवीत, शेवटाला सुकलेली. नळ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून मालकांनी पंधरा दिवसांत दोनदा आम्ल सोडलं होतं. फरक काहीच नाही.

आधी मोजून पाहिलं. ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं, ताशी 4 लिटरचे. 36 सेकंद म्हणजे तासाचा शंभरावा भाग, तेवढ्यात 40 मिली पाणी पडायला हवं. तोंडाशी 37 मिली पडलं, मध्यावर 24, शेवटी 9. सँड फिल्टरच्या, म्हणजे वाळूच्या गाळणीच्या, आधीचा दाब चौरस सेंटिमीटरला 2.1 किलो, नंतरचा 1.2. हा फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून गाळणी धुणं, करायलाच हवा.

मग शेवटचा एक ड्रिपर पात्याने उभा चिरला. आतल्या नागमोडी वाटेत राखाडी, बुळबुळीत साय साचलेली, गटाराचा वास मारणारी. तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला, फेस आला नाही. चुन्याचे क्षार असते तर फसफसलं असतं. साबण आणि सेंद्रिय घाण खाऊन वाढलेल्या जिवाणूंचा तो थर होता. आम्ल क्षार विरघळवतं, हा थर तोडायला क्लोरीन लागतो.

पण आम्लाची शिल्लक नळ्यांत असताना क्लोरीन सोडला तर विषारी वायू तयार होतो. त्यामुळे आधी फिल्टरचा बॅकवॉश, आणि मग साध्या पाण्याने मेन (मुख्य नळी), सबमेन (तिची उपनळी), लॅटरल (ओळीतली ड्रिपरची नळी) अशा क्रमाने धुलाई. लॅटरलच्या एंड कॅप, म्हणजे टोकाची झाकणं, एका वेळी पाच-सहाच उघडल्या. सगळ्या एकदम उघडल्या तर वेग पडतो आणि गाळ जागचा हलत नाही. 16 मिमीच्या नळीच्या टोकाला एक लिटरचं भांडं वीस सेकंदांत भरलं, तरच धुलाई होते. पहिली दोन मिनिटं काळं पाणी आलं, सोबत सायीचे लोळे.

क्लोरीनसाठी पंप विहिरीवर जोडला. सांडपाण्यातला अमोनिया आणि घाणच बराचसा क्लोरीन खाऊन टाकतात, ड्रिपरपर्यंत काही उरत नाही. एका व्हॉल्व्हच्या भागात ताशी 12,000 लिटर पाणी; 20 पीपीएम, म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 10 टक्क्यांचं ताजं सोडियम हायपोक्लोराइट ताशी 2.4 लिटर, फिल्टरच्या आधी. उन्हात पडलेल्या कॅनचा जोर उतरलेला असतो, तो हिशेबात धरू नये. शेवटच्या ड्रिपरला तपासणी पट्टीवर किमान 1 पीपीएम दिसेपर्यंत चालू ठेवलं, मग पंप बंद करून तासभर थांबलो आणि पुन्हा धुलाई.

संध्याकाळी शेवटच्या ड्रिपरला 33 मिली. जे दहा मिलीच्या आतच राहिले ते बदलले.

मूळ दुखणं ओढ्यातच होतं. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे उपशाच्या नळीच्या टोकाची झडप, तळाच्या चिखलात रुतला होता, तो तरंगत्या पिंपाला बांधून तळापासून दीड फूट वर घेतला. सकाळची धुणीभांडी झाली की काही तासांनी तिथे फेस चढतो. म्हणून उपसा पहाटेवर नेला.

गाळणीने कचरा अडतो, जंतू अडत नाहीत. बांधालगत कच्ची खायची पालेभाजी होती, तिला याच ओढ्याचं पाणी पाटाने जात होतं. तो पाट बुजवला आणि विहिरीची वेगळी नळी जोडूनच निघालो.