हा कशाला काढलास?

दादा काल विचारून मोकळा झाला. त्याच्या आता लक्षातही नसेल. माझ्या डोक्यातून मात्र सकाळपासून जात नाही.

लॅपटॉपवर फोटो दाखवत होते. पडद्यावर पाण्याचा ग्लास होता. खिडकीच्या कट्ट्यावरचा साधा काचेचा ग्लास, अर्धा भरलेला. ऊन त्यातून आरपार जाऊन कट्ट्यावर सांडलेलं आणि त्या उजेडाच्या कडेला नखाएवढी निळसर-तांबूस रेघ. "हा कशाला काढलास गं?" टोमणा नव्हता तो, खरंच कळलं नव्हतं त्याला. टोमणा असता तर उलट काहीतरी बोलता आलं असतं. मी "असंच" म्हणाले आणि पुढचा फोटो आणला.

ते "असंच" खोटं होतं, हे बोचतंय. ऊन सरकायच्या आत ती रेघ पकडायला पाऊण तास गुडघे टेकून बसले होते. सुरुवातीला उजेड जळून पांढराफटक येत होता. एक्स्पोजर एक स्टॉपने खाली आणलं, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा केला, तेव्हा कुठे रंग धरला. एवढं सगळं करायचं आणि म्हणायचं "असंच".

हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो आहेत. कागदावर उतरलेले एकोणीस. स्पर्धेला तीन वर्षं पाठवतेय, पहिल्या चाळणीतच बाद. ताईला दाखवले असते तर ती... जाऊ दे.

अशा वेळी अमेरिकन फोटोग्राफर व्हिव्हियन मायर आठवते. दुसऱ्यांची मुलं सांभाळत, गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून हिंडणारी. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं आणि फोटो बाहेर आले. निगेटिव्ह लाखाच्या वर! २००९ मध्ये ती गेली, नाव झालं ते त्यानंतर. एरवी मला याचा धीर वाटतो. आज मात्र मन दुसरीकडेच अडकलं. तिचे कितीतरी रोल डेव्हलपच झालेले नव्हते. म्हणजे ते फोटो तिने स्वतःही पाहिले नव्हते. मग काढले कशाला? पैसे नसतील, जमलं नसेल. तिच्या वतीने बोलणारी मी कोण. पण दादाचाच प्रश्न मी तिला विचारत होते, हे लक्षात आलं आणि गप्प झाले.

दुपारी तो फोल्डर पुन्हा उघडला. ग्लासाचे एकतीस फोटो. पहिल्या सहांत नुसती खिडकी आहे. मग पडदा, मग ग्लासाची सावली. चौदाव्यात ती रेघ पहिल्यांदा येते, तीही कोपऱ्यात अर्धी कापलेली. तेव्हा ती मला दिसलेलीच नव्हती, नाहीतर मी अशी कापली नसती. बाविसाव्यापासून मी तिच्याजवळ जाऊ लागले आहे.

रेघ दिसली म्हणून कॅमेरा उचलला, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. झालं होतं उलटंच. काढत बसले म्हणून दिसली.

हे दादाला कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा. मी विषय काढला नाही. स्पर्धेत बहुधा यंदाही नाव यायचं नाही. नाही तर नाही.

आज दिवसभर आभाळ होतं. ग्लास कट्ट्यावर तसाच आहे, विसळायला टाकलेला नाही.