फुसका बार

गुरुवारी दुपारी काउंटरवरून एक रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलावर आलं. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘साफ करताना चिंधी मध्येच सैल पडते.’ तेवढं वाचूनच नळीत काय निघणार ते कळलं. चांगली नळी दिव्याकडे धरली की आतल्या पिळाच्या खाचा या टोकापासून त्या टोकापर्यंत चकाकत जातात. इथे मधेच एक काळसर कडं होतं, आत कुणी अंगठी सरकवून ठेवावी तसं. आमच्या धंद्यात याला रिंग म्हणतात. अशी नळी पुन्हा सरळ होत नाही.

मग पेटीवरचं नाव वाचलं आणि हात थांबला. शनिवारी हे रिव्हॉल्व्हर माझ्यापासून दोन फुटांवर चाललं होतं, आणि टायमर माझ्या हातात होता.

मी फिनिक्समध्ये बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मिस्त्री आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांचा लेथ होता. लोखंडाला हात लावून काय बिघडलंय ते सांगायची सवय तिथली. इथे आलो तो मशीन शॉपच्या नोकरीवर. ग्रीन कार्ड येईपर्यंत बंदूक हा विषयच नव्हता, कारण व्हिसावरच्या माणसाला इथे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. नंतर आले ते हे दुकान आणि महिन्यातून एका शनिवारचा काउबॉय क्लब. गावाकडे कुणाला सांगितलं की लगेच विचारतात, म्हणजे स्वप्नील कुसाळेसारखं? मी हो म्हणून सोडून देतो. त्याने 2024 साली पॅरिसला ज्यात ब्राँझ मिळवलं, त्यात 50 मीटरवर 10.4 मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम असतो. आमच्याकडे सात-आठ यार्डांवर ताटाएवढ्या लोखंडी पाट्या असतात आणि त्या चुकवायलाच कौशल्य लागतं. तरी लोक चुकवतात, कारण घड्याळ चालू असतं.

काउबॉय नेमबाजीच्या या खेळाची पहिली मोठी मॅच 1982 मध्ये कॅलिफोर्नियात झाली आणि 1987 मध्ये सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली. बंदुका जुन्या घडणीच्याच हव्यात. दोन रिव्हॉल्व्हर, प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो अशी. खालची कडी ओढून चालणारी रायफल. आणि दुनळी किंवा 1897 च्या विंचेस्टरसारखी शॉटगन. बेसबॉलची टोपी आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. प्रत्येकाला नोंदवलेलं एक टोपणनाव घ्यावं लागतं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं. मी ‘लवंगी’ घेतलं. इथल्या लोकांना ते म्हणता येत नाही आणि मिरची की फटाका हा खुलासा करत बसायला मला वेळ नसतो. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये पाचच काडतुसं भरायची, घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. भरायचं टेबल वेगळं, रिकामं करायचं टेबल वेगळं. हे नियम आमच्याकडे लग्नातल्या मानपानापेक्षा कडक आहेत, आणि ते तसे आहेत म्हणूनच मी तिथे जातो.

बाहेरच्यांना वाटतं टायमरवाला म्हणजे वेळ मोजणारा. वेळ यंत्र मोजतं. टायमरवाल्याने पाट्यांकडे बघायचंच नसतं. हाताच्या अंतरावर उभं राहून नेमबाजाच्या हातातल्या बंदुकीकडे बघायचं आणि कान तिच्या आवाजावर ठेवायचे. पाट्यांसाठी तीन मोजणीवाले असतात. तिघांपैकी दोघांचं जे जुळेल ते खरं, आणि शंका असेल तर फायदा नेमबाजाला. आता हे मोजणीवाले जमिनीवरच्या पितळी पुंगळ्या वेचता वेचता किती लक्ष देतात, हे मी इथे लिहीत नाही. मला पुढच्या महिन्यातही तिथे जायचं आहे.

आणि कान कशासाठी? फुसक्या बारासाठी. घरी काडतुसं भरणाऱ्यांकडून कधी तरी एका पुंगळीत दारू पडायची राहते. भरायचं यंत्र खटाखट चालत असतं, शेजारी कुणी तरी गप्पा मारत असतो, मोबाइल वाजतो. .45 कोल्टची पुंगळी मूळची काळ्या दारूच्या मापाची, लांबलचक. आजची दारू त्यात तळाला चिमूटभर. पडली की नाही, ते मुद्दाम डोकावल्याशिवाय दिसत नाही. अशा काडतुसाची नुसती टोपी, म्हणजे तळाला ठिणगी पाडणारी वाटी, फुटते आणि तेवढ्या जोरावर गोळी पुढे सरकून अडकते. अर्धी सिलिंडरमध्ये, अर्धी नळीत अडकली तर नशीब म्हणायचं, सिलिंडर फिरतच नाही. पुरती नळीत शिरली तर सगळं सुरळीत फिरतं, आणि पुढचा बार भरलेला असतो. तो मागून येऊन आदळतो. कधी नळी फुटते. बहुतेक वेळा दोन्ही गोळ्या एकत्र बाहेर पडतात आणि पहिली जिथे बसली होती तिथे नळी आतून फुगते. नेमबाजाला वाटतं, आज जरा जोरात धक्का बसला.

म्हणून नियम सोपा आहे. आवाज फुसका वाटला की ‘थांब’ ओरडायचं. नळी मोकळी निघाली तर त्याला ती स्टेज, म्हणजे मॅचमधली ती फेरी, पुन्हा मिळते. अडकलेली निघाली तर ते रिव्हॉल्व्हर बाद, त्यातल्या उरलेल्या गोळ्या चुकलेल्या धरायच्या, एकेक 5 सेकंदांची. निर्णयाला वेळ किती? पुढचा घोडा ओढला जाईपर्यंत.

शनिवारी त्या रिव्हॉल्व्हरच्या मालकाची, म्हातारबाबांची, ती पाचवी स्टेज. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर विजेच्या तारांवर काम केलेला, बोटं जाड आणि अजून स्थिर. आधी रिव्हॉल्व्हरांचे दहा, मग रायफलचे दहा, शॉटगनचे चार. पाच पाट्या, प्रत्येकीवर दोन. पहिलं रिव्हॉल्व्हर नीट झालं. दुसऱ्यातला दुसरा बार, म्हणजे एकूण सातवा, मला आठवतच नाही. आठवतो तो आठवा. नळी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त उडाली. माझ्या डोक्यात आलं, मुठीची पकड सुटली. शेजारच्या आवारात त्याच सुमाराला कुणाची तरी शॉटगन दणाणत होती. माझ्या कानांवर बॅटरीचे मफ होते, मोठा आवाज दाबणारे आणि बारीक आवाज वाढवणारे. मोठा आवाज आला की क्षणभर सगळंच दाबतात. बाबांनी स्टेज पुरी केली. 52.31 सेकंद. एका मोजणीवाल्याने एक बोट वर केलं, दोघांनी मूठ दाखवली. दोन विरुद्ध एक. बिनचूक.

सहाव्या स्टेजलाही बिनचूक. सहा स्टेज, 144 बार, एकही चुकला नाही. बाबांना हे बऱ्याच वर्षांनंतर जमलं होतं. क्लबने बिनचूक मॅचचा बिल्ला दिला, त्यांनी तो टोपीच्या पट्टीला लावला आणि दहा जणांना टोपी काढून दाखवली.

आता गुरुवारकडे. मी मऊ शिशाची एक गोळी घेतली, तेल लावलं, आणि नळीच्या तोंडातून पितळी दांड्याने ढकलायला लागलो. हे काम मला आवडतं. यात मोजपट्टी तुमचा तळहात असतो. शिसं पिळात बसतं आणि मग सगळा वेळ एकसारखा अडसर लागतो, कणीक मळताना लागतो तसा. नळी चांगली असेल तर शेवटपर्यंत तसाच. इथे निम्म्यावर गोळी एकदम सुटली, अंधारात जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तशी. पाव इंच मोकळी गेली आणि पुन्हा पकडली. मग बाहेरून पोलादी पट्टी नळीवर टेकवून मागे दिवा धरला. पट्टीच्या दोन्ही टोकांना केसाएवढा उजेड. मधे उंचवटा. ही इटलीत बनलेली 1873 च्या कोल्टची नक्कल. बाहेरची जाडी तीच ठेवून .45 चं भोक पाडलं की नळीचा पत्रा पातळ राहतो. फुटली नाही हेच खूप.

आणि मग मी बसल्या जागी हिशोब केला. फुसका बार सातवा असेल तर सातवी गोळी स्वतंत्र अशी पाटीवर गेलीच नाही. आठवीबरोबर गेली, एकाच आवाजात. म्हणजे ज्या एकट्याने बोट वर केलं तो बरोबर होता. मी ओरडलो असतो तर सातवी आणि उरलेल्या तीन मिळून चार चुका, 20 सेकंद, बिल्ला नाही. ओरडलो नाही म्हणून बिल्ला आहे, आणि बाबांचे डोळे, बोटं जागेवर आहेत ती माझ्यामुळे नाहीत.

पण हे सगळं ‘असेल तर’. लोखंड खोटं बोलत नाही, असं वडील म्हणायचे. बरोबर आहे, पण लोखंड तारीखही सांगत नाही. ही रिंग शनिवारची असेल, किंवा मागच्या वर्षी बाबांनी घराच्या मागे डब्यांवर नेम धरला तेव्हाची. टायमरवर वेळेबरोबर बारांची संख्याही दिसते. 24 च्या जागी 23 दिसली होती का? मी बघितली नाही. कुणीच बघत नाही, कारण शेजारच्या आवारातले बार त्यात शिरतात आणि ती कधीच जुळत नाही. पुढच्या नेमबाजासाठी मी बटण दाबून ती पुसली.

दुकानाच्या मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बंदुकीबद्दल काय ते लिही, मॅचबद्दल दुकानात बोलू नको. धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, आणि असा बरोबर माणूस मला त्या दिवशी अजिबात आवडला नाही. कामाच्या कार्डावर मी लिहिलं: नळीत अडथळा असताना पुढचा बार झाल्याने फुगवटा, नळी बदलणे. ‘कधी’ असा रकाना कार्डावर नसतो.

शुक्रवारी बाबा आले. टोपी डोक्यावर, बिल्ला टोपीवर. मी नळी दिव्याकडे धरून त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ बघत राहिले.

‘‘कधी झालं असेल?’’

‘‘सांगता येत नाही,’’ मी म्हणालो. हे खरं होतं आणि पुरतं खरं नव्हतं. मग राहवेना म्हणून म्हणालो, ‘‘शनिवारी पाचव्या स्टेजला एक बार जोरात उडाला होता. मी जवळच होतो. मी थांबवायला हवं होतं.’’

ते नळीतूनच बघत होते. ‘‘मलाही जोरात लागला,’’ म्हणाले. ‘‘मला वाटलं, आता मनगट गेलं.’’

नवीन नळीचं काय पडेल, विचारलं. मी सांगितलं, नुसती पिळून बसवायची नसते. फ्रेम ठोकळ्यांत पकडायची, जुनी उतरवायची, नवीचा खांदा कणाकणाने उतरवत न्यायचा, म्हणजे नेम धरायची पुढची माशी बरोबर माथ्यावर येते. मग सिलिंडर आणि नळीमधली फट सहा हजारांश इंचावर आणायची, मग गोळी शिरते ते तोंड कापायचं. वेळ जातो. त्यांनी मान हलवली. मजुरीचे पैसे घेऊ नयेत असं मनात आलं, पण दुकान माझं नाही. उरलेली काडतुसं वजन करून बघा म्हटलं. त्यावर हसले. पुंगळी आणि गोळीच्या वजनातच इतका फरक असतो की चिमूटभर दारूची चूक त्यात सापडत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत. घरी जाऊन तो सगळा डबा गोळ्या उपटायच्या हातोडीने उघडून मोकळा करतो म्हणाले. चारशे काडतुसं. बिल्ल्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.

पुढच्या महिन्यात मी मफ घरी ठेवले आणि साधे फोमचे बोळे घातले. तिसऱ्या स्टेजला एक तरुण पोरगा, क्लबातला सगळ्यात वेगवान, रायफलवर होता. सहाव्या बाराला मला आवाज पोकळ वाटला आणि मी ओरडलो. तो थांबला. रायफल मोकळी केली, कडी उघडी ठेवून मी वरून दांडा सोडला. दांडा सरळ खाली गेला, खट्ट वाजला. नळी आरशासारखी. त्याची ती स्टेज अप्रतिम चालली होती. पुन्हा मिळाली, आणि दुसऱ्यांदा त्याला तीन सेकंद जास्त लागले. मॅच संपेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मित्राने मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने कुणाला तरी सांगितलं, की ज्याला ऐकू येत नाही त्याने टायमर धरू नये.

म्हातारबाबा त्या स्टेजला मोजणीवर होते. डोक्यावर दुसरीच टोपी होती, गवती, बिल्ल्याशिवायची. ऑक्टोबरात इथे उन्हं कमी झालेली नसतात, त्यामुळे गवती टोपीला काही अर्थ असेलच असं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, पण ते पाट्यांकडे बघत होते.

इटलीची नळी अजून आलेली नाही. रिव्हॉल्व्हर माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे. काम नसलं की मी ती शिशाची गोळी पुन्हा ढकलून बघतो. त्याच जागी सुटते.