चोर नेमका कधी पळाला?

महाराष्ट्रात बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या माणसाला एक चोर बहुधा भेटलेला असतोच. पोलीस दिसले की पळणारा. आधी तो 'ॲज सून ॲज' लावून पळतो, मग 'नो सूनर' लावून, आणि सर उत्साही असतील तर 'हार्डली' लावूनही. 'नो सूनर डिड द थीफ सी द पोलीस दॅन ही रॅन अवे.' इथे 'दॅन'च का, हे आम्ही घोकलं, विचारलं नाही. खरं तर 'सूनर' ही तुलना, आणि तुलनेला 'दॅन' लागतोच. 'हार्डली'त तुलना नाही, म्हणून तिथे 'व्हेन'. संपलं.

या शर्यतीत साध्या 'व्हेन'कडे लक्षच जात नाही, आणि खरी करामत त्याचीच. 'व्हेन द पोलीस केम, द थीफ रॅन अवे' म्हणजे पोलीस आले, मग गडी पळाला. 'वॉज रनिंग अवे' केलं की पोलीस पोचले तेव्हा तो आधीच धूम ठोकत होता. 'हॅड रन अवे' लिहिलंत, तर पोलिसांच्या हाती फक्त तुटकं कुलूप. 'व्हेन' जागचा हलला नाही, पण पंचनामा तीनदा बदलला. चोर कुलूप फोडत बसला होता, असं लांबण लावायचं असेल तर 'व्हाइल' बरा.

आपली जास्त दांडी उडते ती 'अनटिल'पाशी. 'जोपर्यंत पोलीस येत नाहीत तोपर्यंत थांब' यातला 'नाहीत' आपण इमानाने इंग्रजीत नेतो: 'वेट अनटिल द पोलीस डोन्ट कम'. तो नकार इंग्रजीला नको असतो. मनात 'पोलीस येईपर्यंत थांब' असं म्हणून मग इंग्रजीकडे वळावं, चूक होतच नाही. (आणि 'टिल' हे 'अनटिल'चं लाडकं छोटं रूप नव्हे, तोच दोघांतला थोरला.) पोलीस उद्या येणार असले तरी 'अनटिल'मागे किंवा 'व्हेन'मागे 'विल' घालायचा नाही, 'कम' पुरतं. इंग्रजीचा हा कंजूषपणा मला आवडतो.

'सिन्स'पुढे मात्र इलाज नाही. 'सिन्स द थीफ लेफ्ट, द लेन हॅज बीन क्वायट.' चोर गेल्यापासून गल्ली शांत आहे, की चोर गेला म्हणून? दोन्ही बरोबर, आणि पेपर तपासणाऱ्याला गुण कापायला जागाच नाही.