नववा प्रश्न

संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांची काळजी नीट घेतली जातेय ना, हे बघणाऱ्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मी सदस्य-सचिव, त्यामुळे संशोधनाचे प्रस्ताव आधी माझ्याच टेबलावर येतात. त्या दिवशी दुपारी बैठक होती. परीक्षेचा ताण आणि नैराश्य या विषयावरचा पीएचडीचा प्रस्ताव चाळत होते. मागे ‘नमुन्यादाखल’ काही प्रश्नावल्या जोडल्या होत्या. त्या चक्क भरलेल्या होत्या! मंजुरी तर अजून मिळायची होती.

प्रश्नावली ओळखीची, नैराश्य मोजायची पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला, त्याला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. एका कागदावर तिथे ‘जवळजवळ रोज’वर खूण होती. पेन इतकं दाबलेलं की कागदाच्या मागे उठाव आला होता. कोपऱ्यात रोल नंबर. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

संशोधक विद्यार्थ्याला बोलावून घेतलं. ज्या वर्गाने प्रश्नावल्या भरल्या, त्यालाच तो शिकवायचा. सरांनीच कागद वाटल्यावर ‘नको’ कोण म्हणणार?

“हे वाचलंत?”

“नाही मॅडम. डेटा एंट्री व्हायचीय अजून. आणि गोपनीय म्हणून मुद्दाम बघितलं नाही.”

तो खरं बोलत होता, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. संमतीपत्रात ‘माहिती गोपनीय राहील’ एवढंच छापलेलं. जिवाला धोका दिसला तर ती सांगावी लागेल, हे कुठेच नव्हतं. म्हणजे दिलेला शब्द मोडणं आलं. मी तो मोडला. बैठकीची वाट न बघता समुपदेशकांना फोन करून रोल नंबर दिला.

बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, काम चांगलं आहे, मागल्या तारखेने मंजुरी देऊन टाकू. मी ठाम नकार दिला. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा. संशोधनाचा आराखडा स्वतंत्र समितीपुढे ठेवण्याची अट त्यात १९७५मध्ये आली. ती अट नुसते कागद रंगवायला आलेली नाही. नवव्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी कोण बघणार, कोणाला कळवणार, हे आधीच कोणीतरी विचारायला हवं ना? तीन आठवडे ते कोणीच विचारलं नव्हतं. शेवटी ठरलं: जमवलेली माहिती वापरायची नाही, प्रस्ताव नव्याने आणायचा.

संध्याकाळी समुपदेशकांचा फोन आला. “भेट झाली. उद्या पुन्हा बोलावलंय. बाकी काही सांगता येणार नाही.”

मीही काही विचारलं नाही. तो संशोधक विद्यार्थी बाहेर बाकावर बसून होता. त्याला तेवढंच सांगितलं.