स्टॉलच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं

मंगळवार, रात्री

शनिवारी लेकीच्या शाळेत खरी कमाईचा मेळावा आहे. सूचना चार ओळींची. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या गटात स्टॉल लावायचे, खाण्याचे पदार्थ किंवा हातानं केलेल्या वस्तू विकायच्या. जमलेल्या पैशातून ब्लँकेटं घ्यायची आणि या थंडीत सरकारी दवाखान्यांबाहेर रात्र काढणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना द्यायची. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपासून मेसेजवर मेसेज येताहेत. कुणी पावभाजी करून देणार, कुणाच्या ओळखीचा केटरर आहे, कुणी गोकुळपेठेतून पॅटिस बांधून आणणार. एका बाबांनी तर ऑफिसात आगाऊ ऑर्डरीही घेऊन टाकल्या. मुलांना स्वतःला काय विकावंसं वाटतं, ते मात्र एवढ्या बोलण्यात कुठेच आलेलं नाही.

घरातही तेच. सासूबाईंनी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीचा, बेत पक्का केला. "लेकरांच्या हातून काय होणार हाय? मी देते शंभरेक वड्या तळून, हातोहात खपतील." खपतील यात शंकाच नाही. ओलं सारण, भरपूर सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात), वरचं आवरण खुसखुशीत, सोबत कढी. त्यांच्या हातची वडी खाऊन पाहुणे वाटेतल्यासाठीही मागून नेतात. पण मग ती कमाई त्यांची होईल. लेकीनं अगदी साधेपणानं विचारलं, "आजी, मग स्टॉलवर तूच बसशील का?"

हा उपक्रम आला स्काऊट-गाईडमधून. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना १९५० ची. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, ब्रिटनमधल्या स्काऊटांनी घरोघरी जाऊन एका शिलिंगला एक काम करून द्यायला सुरुवात केली होती. बूट पुसणं, बागेतला पाला गोळा करणं, मोटार धुणं, असली कामं. आमच्या शाळेतही स्काऊटची मुलं रविवारी शेजाऱ्यांच्या सायकली पुसायची, अंगण झाडायची, रुपया-दोन रुपये घ्यायची आणि कार्डावर सही मागायची. त्यात आईबापांना काही करायला वावच नव्हता. पुढे कामाऐवजी खाण्याचे स्टॉल आले, आणि स्टॉलबरोबर घरची शेगडी आली.

अमेरिकेतही गोष्ट फार वेगळी नाही. तिथं १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावी गर्ल स्काऊट मुलींनी बिस्किटं भाजली आणि शाळेच्या कँटीनमध्ये विकली. आज ती बिस्किटं कारखान्यात बनतात आणि पुष्कळदा आईबापच ऑर्डरचा कागद ऑफिसात फिरवतात.

आपल्या नागपूरच्या पोरांना दारात उभं राहून पैसे घेणं नवीन नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालं की घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळतो. १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हा सण सुरू केला असं सांगतात. तिथं आईनं नंदी सजवावा, पोराला धोतर-टोपी घालावी, सोबत फिरावं. सणच लेकरांच्या कौतुकाचा आहे. मेळाव्यात मात्र पोरानं काहीतरी द्यायचं आहे आणि त्याचे पैसे घ्यायचे आहेत. ते देणं त्याच्या हातचं असावं, एवढं मला पक्कं वाटतं.

बुधवार

ऑफिसातून येताना बस रखडली. विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त आहे, सिव्हिल लाइन्सकडून जाणं नको वाटतं. त्या वेळात गेल्या आठवड्यातली गोष्ट मनात घोळत राहिली.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे छोटे ध्वज देऊन निधी जमवतात. तो शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी, जखमी सैनिकांसाठी आणि माजी सैनिकांसाठी वापरतात. शेजारच्या मुलाला शाळेतून त्या स्टिकरची पट्टी मिळाली होती. त्याच्या बाबांनी रात्री नऊ वाजता पट्टी बघितली, पाकिटातून नोट काढली, सकाळी पोरानं ती जमा केली. स्टिकर अजून त्याच्या दप्तरात आहेत. पैसे पोचले हे चांगलंच झालं. पण खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार काका राहतात. त्यांच्या दारावर तो मुलगा गेला असता, तर काकांनी त्याला बसवून घेतलं असतं, तीन रंग कशाचे ते सांगितलं असतं. एका नोटेनं ती सगळी भेट वगळली. बाबा प्रेमापोटीच वागले, वेळही नव्हता त्यांना. तरी मला वाईट वाटलं.

गुरुवार, रात्री

लेकीच्या गटातल्या चौघी मुलींचं ठरलं. संत्र्याचं सरबत. डिसेंबर आहे, आंबिया बहाराचं फळ बाजारात आहे, आणि तळणं-भाजणं काही नाही.

सासूबाईंना वड्यांचं वाईट वाटलं, पण पहिला कामाचा सल्ला त्यांनीच दिला. मी म्हणत होते, सकाळीच रस काढून बाटल्या भरून देऊ. त्या म्हणाल्या, "रस ठेवला का कडू होते. पोरींनो, तिथंच पिळा." खरं आहे ते. संत्र्यातलं एक द्रव्य फळात असताना कडू नसतं, पण रस काढला की त्यातल्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू लागतं. नागपुरी संत्र्याच्या रसाचं हे जुनंच दुखणं आहे. मिक्सरमध्ये फिरवलं तर बिया आणि पांढरी साल चिरडून आणखीच कडू. मुलींनी आज एक ग्लास पिळून ओट्यावर झाकून ठेवला आणि दोन-अडीच तासांनी चाखला. चौघींची तोंडं वाकडी झाली. म्हणजे आईनं घरी करून द्यायची सोयच उरली नाही, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

माळ्यावरून जुना हँडलचा ज्यूसर काढला. अॅल्युमिनियमचा, खालच्या जाळीत बिया अडकतात. फळ आडवं कापायचं, अर्धं वाटीत पालथं ठेवायचं, वरून दाबायचं. माझी लेक दोन्ही हातांनी लोंबकळून दाबत होती. तिची मैत्रीण म्हणाली, "थांब, सगळं पिळू नको, शेवटचं कडू येऊन राहिलं." तिनं बोट लावून चाखलं होतं. फळ कितपत दाबायचं ते तिचं तिलाच कळलं.

मी ठरवलं ते असं: सहावीतल्या मुलीच्या हातात सुरी द्यायची, आधी दाखवून. कढई असती तर दिली नसती. भांडवल म्हणून ५०० रुपये दिले, तेही उसने, वहीवर सही घेऊन. उद्या गोकुळपेठेच्या बाजारात त्यांच्यासोबत जाईन, पिशव्या उचलीन, पण भाव त्याच करतील.

शुक्रवार

आठ किलो संत्री घेतली. विक्रेता ५० सांगत होता, मुलींनी ४५ ला मागितली. तो नाही म्हणाला. त्या पुढे निघाल्या, तो हाक मारेना, मग त्या उभ्याच राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या. मी भाजीकडे बघत राहिले. शेवटी एकीनं परत जाऊन सांगितलं की शाळेत स्टॉल आहे, ब्लँकेटं घ्यायची आहेत. त्यानं ४५ नं दिली आणि वरून दोन फळं टाकली. ३६० रुपये झाले.

शनिवार, रात्री

पाय दुखताहेत, तरी लिहून ठेवते.

मैदानात रांगेनं टेबलं. बऱ्याच स्टॉलवर मागे आया, पुढे आया, आणि मधे मुलं ताटकळत उभी. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोरगं रडत येतं की बाकी सगळ्यांच्या आया करून देताहेत, तेव्हा ऑफिसातून दमून आलेली बाई रात्री अकराला बटाटे उकडते. तिला त्या आगीत लोटते ती सर्वाधिक विक्रीच्या बक्षिसाची घोषणा. बक्षीस रकमेला असेल तर पालक उतरणारच.

त्यात एक गोष्ट मला फार टोचली. लेकीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिची आई चार घरी स्वयंपाक करते. त्यांच्या गटानं उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, एक टोपलं. शेजारी बाहेरून मागवलेल्या पिझ्झाचा स्टॉल. गर्दी कुठे झाली ते सांगायला नको. ती मुलगी नेटानं हाका मारत होती, मीठ-तिखट लावून कोन छान वळून देत होती. मला दिसलेल्या सगळ्या विक्रेत्यांत ती उजवी होती. घरच्या खिशावर मेळावा लावला की असल्या हुशारीला जागा उरत नाही.

आमच्या मुलींचा स्टॉल मी समोरच्या बाजूनं बघितला, गिऱ्हाईक जिथं उभं राहतं तिथून. २० रुपयांना एक कागदी ग्लास, अर्धा रस, अर्धं पाणी, साखर, काळं मीठ. एक काका म्हणाले, "वीस रुपयाला एवढंसं?" लेक गप्प झाली, काका गेले. मला जाऊन बोलावंसं वाटलं, पण गेले नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या कुणी तेच विचारलं, तर ती म्हणाली, "काका, यात अर्धं पाणी आहे, पण रस आत्ता तुमच्यासमोरच पिळते. थांबता का?" ते थांबले, आणि बायकोसाठीही घेतलं. आधीच्या काकांशी मी बोलले असते, तर हे उत्तर तिला सापडलं नसतं.

आता कुणाच्या खिशात सुटे नसतात, सगळे 'फोनपे आहे का' विचारतात. मुलींच्या नावावर खातं नाही. क्यूआर लावायचा तर तो आईबाबांचा, पैसे आले का ते बघायला मोबाइल घेऊन आईबाबा स्टॉलवरच. कितीतरी पालक त्या एका कारणानं दिवसभर आत उभे होते. आमच्या मुलींनी पुठ्ठ्यावर 'फक्त रोख' लिहिलं. काही गिऱ्हाइकं गेली. दहाच्या नोटा संपल्यावर एक जण पळत जाऊन शेंगांच्या स्टॉलवरून सुटे घेऊन आली, आणि येताना एक कोनही विकत घेऊन आली.

बक्षीस पिझ्झाला मिळालं.

रविवार

सकाळी हिशेब. ४१ ग्लास, ८२० रुपये. खर्च: संत्री ३६०, साखर ४५, ग्लास ६०, काळं मीठ १५, एकूण ४८०. उसन्यातले २० उरले होते, माझे ५०० मला परत आले. हाती राहिले ३४०. लेक हिरमुसली. "एवढेच?" मग स्वतःच म्हणाली, "पिझ्झावाल्यांनी किती खर्च केला ते कुठे सांगितलं?"

खरंच, तिथं खर्चाचा रकानाच नव्हता. हजारोंची विक्री जाहीर झाली, तिच्यामागे घरून किती गेले ते कुणी मांडलं नाही. पालकांना देणगी द्यायची तर सरळ द्यावी, पावती घ्यावी, ब्लँकेटं जास्त येतील. मी आज वेगळे ५०० रुपये पाकिटात घालून ठेवलेत, त्यावर माझं नाव लिहिलंय. मुलींचे ३४० दुसऱ्या पाकिटात. ते एकत्र करायचे नाहीत, म्हणजे पोरींना आपलं काय आणि आईचं काय ते दिसेल.

आईनं अजिबात हात लावू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. लहान मूल एकटं अनोळखी दारावर जाऊ नये, सोबत मोठं माणूस हवंच. फाटकाशी उभं राहावं, बोलणं मुलाचं. गॅस, तेल, वाहतूक आपल्याकडे. तिसरी-चौथीच्या मुलाला नोटा मोजायला मदत लागते, आठवीच्या मुलाला लागू नये. गिऱ्हाइकाचा नकार, भाव करणं आणि हिशेब या तीन ठिकाणी मात्र आपण मागे राहायचं. कुणाला आपल्या ऑफिसात विकायचंच असेल, तर पोराला सुटीच्या दिवशी घेऊन जावं आणि त्यालाच बोलू द्यावं. आपण साहेब असलो, तर हाताखालच्या माणसाला विचारूच नये. त्याला नाही म्हणता येत नाही.

वर्गशिक्षिका मॅडमसाठी चिठ्ठी लिहिली आहे, उद्या लेकीच्या हाती न देता स्वतः जाऊन देईन. त्यात तीनच मागण्या आहेत. प्रत्येक गटाला सारखंच भांडवल, शाळेनं उसनं द्यावं आणि मेळाव्यानंतर परत घ्यावं. खर्चाची वही विक्रीसोबत लावावी. आणि सर्वाधिक विक्रीचं बक्षीस बंद करावं. शेंगावाल्या गटाच्या कोनांबद्दलही लिहिलंय.

सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्या पोरींना वडी वळायला शिकवतील, तळणं तेवढं त्यांच्याकडे राहील. लेकीनं लगेच विचारलं, बेसन आणि तेल किती लागतं. दोघी आता वहीत लिहीत बसल्या आहेत.