ओच्यातला रुपया

आपल्या शाळेचं हे सुवर्णमहोत्सवी वर्ष. या शाळेने मला जादू शिकवली असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते शाळेबद्दलचं प्रेमाचं बोलणं वाटतं. प्रेम आहेच, पण विधान अगदी खरं आहे. आज मी जादूचे प्रयोग करून पोट भरते. कधी मोठ्या रंगमंचावर, बऱ्याचदा लग्नाच्या किंवा कंपनीच्या कार्यक्रमात टेबलाटेबलावर जाऊन, पाहणाऱ्याच्या हातभर अंतरावर. या कामातलं पत्त्यांचं आणि नाण्यांचं तंत्र मी पुढे पुस्तकांतून आणि पुण्यातल्या एका ज्येष्ठ जादूगारांकडून शिकले. पण ते तंत्र ज्याच्यावर उभं राहतं, ते मला इथेच मिळालं. थोडं प्रयोगशाळेत, थोडं मराठीच्या तासाला, आणि राहिलेलं गॅदरिंगच्या स्टेजवर.

मी शाळेत होते तो नव्वदच्या दशकाचा सुरुवातीचा काळ. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 साली स्थापन झाली होती आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं होतं. कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करत. आमच्या विज्ञानाच्या सरांनी अशाच एका कार्यक्रमात पाहिलेले प्रयोग वर्गात करायचं ठरवलं. त्यांनी टेबलावर एक लिंबू ठेवलं, सुरी हातात घेतली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "या वर्गावर कुणीतरी करणी केली आहे." लिंबू कापलं. फोडींवरून लालभडक थेंब टेबलावर ओघळला. मागच्या बाकांवर एकदम शांतता पसरली. मग त्यांनी कापसावर जांभळट पूड ठेवली, वर "तुपाचे" दोन थेंब टाकले, आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. थोड्या वेळाने धूर निघाला आणि कापूस आपोआप पेटला.

त्यानंतर सरांनी सगळं उलगडून दाखवलं. सुरीचं पातं त्यांनी आधीच जास्वंदीच्या फुलाने चोळून वाळवून ठेवलं होतं. जास्वंदीचा रंग आम्लात लाल होतो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलंच होतं. पूड पोटॅशियम परमँगनेटची आणि तूप म्हणजे ग्लिसरीन. हे इथे लिहिताना मला कसलाही संकोच वाटत नाही. या गोष्टींची गुपितं जितक्या घरांत पोचतील तितकं चांगलं, कारण त्यांच्या जोरावर आजही लोकांकडून पैसे उकळले जातात.

पण माझ्या मनात रुतून बसला तो सरांचा पुढचा प्रश्न. त्यांनी विचारलं, "मी तुम्हाला फसवलं का?" अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. सर म्हणाले, "करणी आहे म्हणालो तेव्हा फसवलं. आता हेच लिंबू मी हातचलाखी म्हणून कापलं असतं आणि कसं केलं ते सांगितलं नसतं, तर फसवलं नसतं." मला त्या वयात जादूगार व्हायचं आहे हे कुणालाही माहीत नव्हतं, सरांनाही नाही. तरी ते वाक्य माझ्यासाठीच होतं असं मी आजही मानते. माझ्या प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला मी प्रेक्षकांना सांगते की इथे मंत्र नाही, शक्ती नाही, सगळी हाताची आणि बोलण्याची करामत आहे. असं सांगितल्यामुळे कुणाचा आनंद कमी झालेला मी पाहिलेला नाही. हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार 1920च्या दशकात मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांचे खेळ उघडे पाडत फिरत होता. स्वतःच्या खेळाला मात्र त्याने कधी दैवी म्हणवून घेतलं नाही. त्याच्याबद्दल मी पुढे वाचलं, पण ती रेघ आमच्या सरांनी आधीच आखून दिली होती.

ही रेघ पाळणं सोपं नसतं. मनातला पत्ता ओळखण्याचा खेळ झाला की हमखास कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "ताई, माझं मंगळसूत्र कुठे असेल?" एकदा एका गावात प्रयोग संपल्यावर एक मावशी थांबून राहिल्या. मुलगा घर सोडून गेला होता, तो कुठे आहे ते सांग म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि तो खेळ कसा केला ते पहिल्यांदाच एका प्रेक्षकाला पूर्ण उलगडून सांगितलं. जादूगाराने गुपित फोडू नये हा नियम मला मान्य आहे. त्या मावशींना खोटी आशा लावण्यापेक्षा मला नियम मोडणं बरं वाटलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

आता हाताविषयी. नाण्यांच्या जादूचा पाया म्हणजे पाम, नाणं तळहातात धरून हात रिकामा दाखवणं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि समोरची करंगळीकडची बाजू यांच्यात नाणं कडेवर अडकतं, बोटं मोकळी राहतात. हे सांगितल्याने काही फुटत नाही, कारण वाचून पाम येत नाही. नाणं धरून ठेवणं महिन्याभरात जमतं. धरलेला हात मोकळ्या हातासारखा दिसणं याला वर्षं लागतात. नाणं लपवलेला हात निर्जीव दिसतो, अंगठा ताठ होतो, कोपर अंगाला चिकटतं, आणि प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी संशय येतो. बहुतेक पुस्तकं अमेरिकन, त्यांतली उदाहरणं तिकडच्या अर्ध्या डॉलरची. ते नाणं 30.6 मिलिमीटरचं. आपल्याकडे 1992 मध्ये आलेला स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा, हलका आणि गुळगुळीत, तो हातातून निसटतो. माझ्याकडे आजीने दिलेला जुना रुपया होता, 1975 नंतरच्या काळातला, 28 मिलिमीटरचा, 8 ग्रॅमचा, कडेला चांगले दाते असलेला. तो डाव्या तळहातात ठेवून मी शाळेत यायचे. वही उघडायची, दप्तराचा बंद लावायचा, नळाखाली डबा धुवायचा, वेणीची रिबन बांधायची, आणि रुपया जागेवरून हलू द्यायचा नाही. सराव म्हणजे हे. आरशासमोर उभं राहून केलेला सराव त्याच्या जोडीला हवा, पण त्यात एक खोट आहे. नेमकी चोरटी चाल करताना माणसाचे डोळे नकळत मिटतात. आपली चूक आपल्यालाच दिसत नाही, समोरच्याला दिसते.

हे सगळं पकडलं ते आमच्या मराठीच्या बाईंनी. त्यांनी मला नाट्यछटेच्या स्पर्धेसाठी निवडलं होतं. नाट्यछटेत स्टेजवर एकटंच माणूस असतं आणि ते कुणा दुसऱ्याशी बोलत असतं. तो दुसरा तिथे नसतो, पण प्रेक्षकाला दिसला पाहिजे. तालमीत मी समोरच्या काल्पनिक शेजारणीशी बोलत होते. बाईंनी मला थांबवलं. "तुझी शेजारीण केवढी उंच आहे?" मला सांगता येईना. "तुलाच माहीत नाही तर आम्हाला कशी दिसणार? आधी तिची उंची ठरव, मग तिच्या डोळ्यांकडे बघ. आणि तिचं बोलून होईपर्यंत थांब." मी तशी थांबले आणि खोलीत बसलेल्या बाकीच्या मुली त्या मोकळ्या जागेकडे बघायला लागल्या.

त्या दिवशी मला माझी जादू सापडली. रुपया उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचं नाटक करायचं असतं, तेव्हा डाव्या मुठीत रुपया आहे हे आधी मला पटावं लागतं. खरा रुपया मुठीत आला की मूठ किती मिटते, किती वजनाने खाली येते, नजर किती वेळ तिच्यावर राहते, हे खऱ्या रुपयानेच शंभरदा करून पाहायचं आणि मग रिकाम्या मुठीने अगदी तसंच करायचं. माझी नजर मुठीकडे गेली की प्रेक्षकाची नजर तिकडे जाते. मी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहिलं की तो माझ्याकडे पाहतो आणि हात सुटतात. आमच्या धंद्यात याला मिसडिरेक्शन म्हणतात आणि लोकांना वाटतं की ती लक्ष उडवण्याची युक्ती आहे. खरं तर ती लक्ष देण्याची गोष्ट आहे. जिथे कुणी नाही तिथे मन लावून बघायचं. हे मला जादूच्या कुठल्याही पुस्तकाआधी बाईंनी शिकवलं. काही दिवसांनी त्यांनीच विचारलं, "तुझा डावा हात आखडलाय का गं?" मी तळहात उघडून रुपया दाखवला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "मग तो हात वापर. गप्प बसलेल्या माणसाकडेच सगळे बघतात."

गॅदरिंगमध्ये मी पहिल्यांदा नाण्यांचा आणि दोरीचा खेळ केला. आपला हॉल आता नवा झाला आहे, पण तेव्हा स्टेज म्हणजे जोडलेली टेबलं आणि तीन बाजूंना पोरं. खिडकीकडे बसलेल्यांना हाताची मागची बाजू दिसायची. म्हणून आधी रिकाम्या हॉलमध्ये मी प्रत्येक कोपऱ्यात मैत्रिणीला बसवून विचारलं, दिसतंय का? कोनांचा हा हिशोब मी अजून प्रत्येक नव्या जागी करते. आठवडे बाजारात खेळ करणारा गारुडी तर चारही बाजूंनी माणसं असताना, उकिडवा बसून, वाट्या आणि कापडाच्या गोळ्यांचा खेळ करतो. त्याच्या वाट्यांना वर बोंडं असतात, ती बोटांच्या बेचक्यात धरून तो अशा वेगाने वाट्या उचलतो की मी कितीही वेळा पाहिलं तरी थक्क होते. ही जगातल्या सर्वांत अवघड जादूंपैकी एक आहे आणि ती शिकवणारी शाळा म्हणजे त्यांची घरं. आपल्याकडे 1959च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात रस्त्यावर गाणं, नाच, खेळ करून पैसे मागणं हीसुद्धा भीक ठरवली आहे. ज्या कलेपुढे मी मान तुकवते, तिला कायद्याने भीक म्हणावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक अडचण मात्र शाळेत कुणीच सोडवू शकलं नाही, कारण ती कुणाला दिसतच नव्हती. पुस्तकात पानोपानी लिहिलेलं असायचं की नाणं कोटाच्या डाव्या खिशात सोडा, पत्ता आतल्या खिशातून काढा. आणि माझ्या कपड्यांना खिसाच नसायचा. पॅरिसमध्ये 1845 साली स्वतःचं थिएटर सुरू करणारा रोबेर-उदँ हा मूळचा घड्याळजी. त्याने पायघोळ झगा टाकून साध्या संध्याकाळच्या सुटाबुटात जादू केली आणि पुढच्या जादूगारांनी तोच वेष उचलला. तेव्हापासून जादूची सगळी अक्कल कोटाच्या खिशांभोवती रचली गेली. बायका स्टेजवर होत्या, पण पेटीत. सेल्बिट या जादूगाराने लंडनमध्ये 1921 साली बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ लोकांपुढे आणला, आणि जादूतल्या बाईची जागा पुढे कित्येक वर्षं तीच राहिली. लंडनचं मॅजिक सर्कल ही जादूगारांची संस्था 1905 मध्ये स्थापन झाली, पण तिच्यात स्त्रियांना प्रवेश 1991 मध्ये मिळाला. त्याच्या काही महिने आधी सोफी लॉइड नावाच्या कलावतीने 'रेमंड लॉइड' या पुरुषाच्या वेषात तिथली परीक्षा दिली होती. हातांवरून ओळख पटू नये म्हणून हातमोजे घालून. हातमोजे घालून हातचलाखी करणं म्हणजे काय, हे ज्याने पत्ते हाताळले आहेत त्यालाच कळेल. ती उत्तीर्ण झाली. स्त्रियांना प्रवेश खुला झाल्यावर तिने खरं सांगितलं, तर फसवणूक केली म्हणून तिला काढून टाकलं. 2025 मध्ये संस्थेने तिला सन्मानाने परत घेतलं. ती बातमी वाचून मी रडले.

माझा प्रश्न आजीने सोडवला. ती नऊवारी नेसायची आणि तिचा सगळा संसार ओच्यात, म्हणजे साडीच्या पुढच्या खोळीत, आणि कमरेच्या कनवटीला असायचा. सुटे पैसे, किल्ली, सुपारी, नातवंडांसाठी गूळ. क्षणात वस्तू आत जायची आणि क्षणात बाहेर यायची, आणि तिच्या हाताकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. मी रंगमंचावर नऊवारी नेसायला लागले ती परंपरेच्या हौसेने नव्हे. कोटाच्या कुठल्याही खिशापेक्षा ओचा सरस आहे. मोठा, मऊ, आवाज न करणारा, आणि पदर सावरण्याच्या निमित्ताने हात तिथे जाणं इतकं स्वाभाविक की कुणाला शंका येत नाही. त्यासाठी मला पुस्तकातल्या कित्येक चाली नव्याने बसवाव्या लागल्या. त्यांपैकी काही आता माझ्या स्वतःच्या आहेत, आणि त्या इथे सांगणार नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मुख्याध्यापकांनी मला शनिवारचा शेवटचा तास दिला आहे, आठवी आणि नववीसाठी. येताना प्रत्येकाने एक नाणं आणि एक हातरुमाल आणायचा. सुरुवात नाट्यछटेने होईल, नाण्याला नंतर हात लावायचा. विज्ञानाच्या शिक्षकांशीही बोलणं झालं आहे, लिंबाचा प्रयोग त्याच तासात होईल. आणि शाळा समितीकडे मी एक लेखी अर्ज केला आहे. मुलांच्या पँटला दोन खिसे आहेत, मुलींच्या कमीजला एकही नाही. जूनपासून शिवल्या जाणाऱ्या गणवेशात उजव्या शिवणीत मनगटापर्यंत हात जाईल एवढा खिसा असावा. नमुना शिवून अर्जासोबत जोडला आहे, जादा कापड वीतभरही लागत नाही.